कचेरीतील कागद आणि चर्चासत्रातील प्रश्न

(राज्यशास्त्र विषयात पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ आहे.)



मी संशोधक नाही. कला शाखेची पदवी घेऊन शासनाच्या सेवेत आलो आणि गेली अनेक वर्षे शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम करीत आहे. आपण ज्या कागदांच्या शोधात कचेऱ्यांचे उंबरठे झिजविता, त्याच कागदांच्या सान्निध्यात माझा दिवस जातो. त्यामुळे विद्वत्तेचा आव न आणता, कागद तयार होतो त्या बाजूचा माणूस म्हणून मी आपल्याशी बोलणार आहे.

चर्चासत्राची परंपरा

डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी आपले लेखन पूर्ण होण्यापूर्वीच ते सहाध्यायांपुढे आणि गुरुजनांपुढे वाचून दाखवावे, त्यावर प्रश्न विचारले जावेत आणि त्या प्रश्नांच्या उजेडात लेखकाने आपले म्हणणे पुन्हा तपासून पाहावे, ही पद्धत जर्मन विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तेथून अमेरिकेत गेली. आपल्या महाराष्ट्राला या पद्धतीची ओळख करून देण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी एका तरुण भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढच्याच वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो अभ्यासला जातो.

याच विद्यापीठासाठी बाबासाहेबांनी लिहिलेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. या ग्रंथाचा विषय आजच्या भाषेत सांगावयाचा तर राज्यकारभाराचे संशोधन हाच होय. मध्यवर्ती सरकारने सर्व महसूल आपल्या हाती ठेवला, तेव्हा काय घडले? १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देण्यात आल्या, १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी सोपविण्यात आल्या आणि १८८२ पासून महसुलाची वाटणी सुरू झाली. या प्रत्येक टप्प्यावर अधिकार कोणाकडे गेला आणि जबाबदारी कोणाकडे राहिली? अंदाजपत्रके, सरकारी ठराव आणि हिशेब यांसारख्या रूक्ष कागदांतून बाबासाहेबांनी सत्तेच्या वाटणीचा इतिहास उभा केला. कारभाराचे कागद कसे वाचावेत याचा हा वस्तुपाठ आहे आणि तो आपल्या घरातला आहे, हे मला येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

शब्दाचा अर्थ आणि विषयाची व्याप्ती

आपल्या विषयासाठी 'गव्हर्नन्स' हा इंग्रजी शब्द सर्रास वापरला जातो. जागतिक बँकेने १९८९ साली आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांसंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानंतर या शब्दाला जगभर विशेष चलन मिळाले. मराठीत त्यासाठी 'शासन', 'प्रशासन', 'शासनव्यवहार' असे पर्याय सुचविले जातात. मला स्वतःला 'राज्यकारभार' हा जुना शब्द अधिक जवळचा वाटतो. शिवछत्रपतींच्या प्रेरणेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, तेव्हापासून कारभाराच्या शब्दांचा विचार करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. घरचा कारभार, गावचा कारभार, देवस्थानचा कारभार, सोसायटीचा कारभार असे आपण सहज बोलतो. म्हणजे कारभार केवळ सरकार करते असे मराठी माणूस मानीत नाही. जेथे चार माणसांच्या सामाईक गोष्टीबद्दल निर्णय होतो, हिशेब ठेवला जातो आणि तंटा मिटविला जातो, तेथे कारभार आहे. नव्या संशोधनाने शासनसंस्थेच्या पलीकडे जाऊन सहकारी संस्था, पाणीवाटप मंडळे, बचत गट आणि ग्रामसभा यांच्याकडे पाहावे असे म्हटले जाते. त्यासाठी लागणारी दृष्टी आपल्या भाषेतच आहे.

दोन विद्यार्थ्यांची कथा

या विषयाच्या इतिहासातील दोन विद्यार्थ्यांची उदाहरणे मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. पहिले उदाहरण वुड्रो विल्सन यांचे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले विल्सन बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स यांच्या चर्चासत्राचे विद्यार्थी होते. अमेरिकन काँग्रेसच्या कारभारावरील त्यांचे पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच लेखनावर त्यांना १८८६ साली पीएच.डी. मिळाली. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी प्रशासनाचा स्वतंत्र अभ्यास व्हावा असे प्रतिपादन केले. लोकप्रशासन या विद्याशाखेचा आरंभ त्या लेखापासून मानला जातो. तथापि काँग्रेसवरील ते गाजलेले पुस्तक लिहीत असताना विल्सन वॉशिंग्टनला जाऊन काँग्रेसचे कामकाज पाहून आले नव्हते. वॉशिंग्टन तर बाल्टिमोरपासून रेल्वेने थोड्याच वेळाच्या अंतरावर होते! बुद्धिमत्तेच्या बळावर ग्रंथ उभा राहिला, पण अभ्यासविषयाचा उंबरठा ओलांडला गेला नाही.

दुसरे उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत त्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. तेथे व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांनी आपल्या चर्चासत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलाचे एकेक खोरे नेमून दिले. एलिनॉर यांच्या वाट्याला 'वेस्ट बेसिन' हे किनाऱ्यालगतचे खोरे आले. तेथे उपसा इतका वाढला होता की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले होते. विहिरींचे मालक, नगरपालिका, पाणीपुरवठा कंपन्या आणि न्यायालये यांनी मिळून या संकटातून वाट कशी काढली, याचा त्यांनी बैठकांना हजर राहून आणि कागदपत्रे वाचून शोध घेतला. १९६५ साली तो प्रबंध पूर्ण झाला. त्यातून निघालेल्या विचाराचा पुढे विस्तार होऊन १९९० साली सामाईक संपत्तीच्या कारभारावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. चर्चासत्रातील एका साध्या नेमणुकीतून केवढे काम उभे राहिले, हे आपण ध्यानात घ्यावे.

भूजलाचा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली पाणी पंचायत, हिवरे बाजार येथील पाण्याचा ताळेबंद, धुळे व नाशिक भागातील जुनी फड पद्धती ही सर्व सामाईक संपत्तीच्या कारभाराचीच उदाहरणे आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला असे एकेक खोरे आले तर महाराष्ट्राचे ज्ञान किती वाढेल याची कल्पना करावी.

महाराष्ट्राची कर्मभूमी

राज्यकारभाराच्या संशोधनासाठी महाराष्ट्रासारखी भूमी क्वचितच आढळेल. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ साली जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. या नव्या सत्ताकेंद्रांकडे राज्यशास्त्रज्ञांचे लक्ष त्वरित गेले. पुणे विद्यापीठाच्या प्रा. व. म. शिरसीकर यांचा ग्रामीण नेतृत्वावरील ग्रंथ १९७० साली, तर मेरी कॅरस यांचा जिल्हा परिषदांतील गटांच्या राजकारणावरील ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. नेतृत्व कोणत्या घरांतून येते आणि गट कशाच्या आधारावर बनतात, याविषयी आज आपण जे सहज बोलतो, ते त्या पिढीने गावोगाव फिरून शोधून काढले आहे.

त्यानंतरचा काळही तितकाच घडामोडींचा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला त्या अनुभवाचा आधार मिळाला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी असलेल्या एकतृतीयांश जागा महाराष्ट्राने २०११ साली निम्म्यावर नेल्या. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे ठरवून देण्याची व्यवस्था केली. यांपैकी प्रत्येक निर्णयामागे एक कायदा आहे आणि प्रत्येक कायद्यामागे हजारो कचेऱ्यांतील, हजारो गावांतील रोजचा व्यवहार आहे. कायद्याचा मजकूर राजपत्रात सापडतो. व्यवहार मात्र शोधावा लागतो.

एक अनुभव

आता मी माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. तो सांगताना मला थोडा संकोच वाटतो, परंतु आजच्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

मी नोकरीत नवीन असताना एका अवर्षणप्रवण तालुक्यातील गावात नळपाणीपुरवठा योजनेचे उद्घाटन झाले. मी त्या दिवशी हजर होतो. टाकीला तोरण बांधले होते, तोटीला पाणी आले, माताभगिनींनी कलश भरले. मी कचेरीत परतल्यावर योजनेची कागदपत्रे चाळली आणि एक लेख लिहिला. तो छापून आला, वरिष्ठांनी कौतुक केले. माझ्या दृष्टीने तो विषय तेथे संपला.

पुढे दोन वर्षांनी राज्यशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी त्या लेखाचे कात्रण घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने शांतपणे विचारले, "साहेब, या गावात आपण कोणत्या महिन्यात गेला होता?" उद्घाटन पावसाळ्यानंतर झाले होते, तसे मी सांगितले. ती म्हणाली, "मी मे महिन्यात गेले होते. तिथं टँकर येतो." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिला कागद पाहावयास दिले आणि पुढे काय होते हे जाणून घेण्याची इच्छा झाली, म्हणून तिच्या विभागातील चर्चासत्राला परवानगी घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसलो.

तिने आपल्या निबंधात ही योजना केवळ कागदोपत्री आहे असा निष्कर्ष काढला होता. सभागृहात बरीच कुजबुज झाली. मला वाटले, आता शासनावर टीकेची झोड उठणार. परंतु तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिलाच प्रश्न विचारावयास सुरुवात केली. नोंदवहीत 'पूर्ण' असा शेरा आहे, तर तो शेरा कोणी लिहिला आणि त्याच्या दृष्टीने 'पूर्ण' म्हणजे काय? पाणी कधी बंद पडले, त्याचा महिना सांगता येईल काय? पाणी चालू होते तेव्हा ते कोणत्या घरांना मिळत होते आणि कोणत्या घरांना मिळत नव्हते? सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याखेरीज तू कोणाशी बोललीस? एकाही प्रश्नाचे पुरते उत्तर तिच्यापाशी नव्हते. ती खाली बसली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. बाईंनी एवढेच सांगितले, "पुन्हा जाऊन ये. घाई करू नकोस."

ती पुन्हा गेली आणि वेगवेगळ्या ऋतूंत जात राहिली. त्यातून जे निष्पन्न झाले ते तिच्या पहिल्या निष्कर्षाहून आणि माझ्या लेखाहूनही निराळे होते. कामपूर्तीचा दाखला खरा होता. मोजमाप पुस्तकातील नोंदी जाग्यावरील कामाशी जुळत होत्या. योजना पूर्ण होऊन ग्रामपंचायतीकडे रीतसर सोपविली गेली होती आणि 'पूर्ण' या शेऱ्याचा अर्थ तेवढाच होता. पुढे पंपाचे वीजबिल थकले. ते का थकले, तर पाणीपट्टी वसूल होत नव्हती. पाणीपट्टी का वसूल होत नव्हती, तर उंचावरच्या वाडीला पाणी चढतच नव्हते, म्हणून वाडीने पट्टी द्यावयाचे नाकारले होते. वाडी देत नाही तर आम्हीच का द्यावी, असे खालच्या आळीचे म्हणणे पडले. शेवटी वीजजोड तोडला गेला आणि सर्वांचेच पाणी बंद झाले. वाडीला पाणी का चढत नव्हते, याचे उत्तर योजनेच्या मूळ आराखड्यात होते. आराखडा झाला तेव्हा वाडीतील एकाही माणसाला कोणी विचारले नव्हते.

मित्रहो, यातील सर्वात विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीत ती योजना 'पूर्ण' होती. विजेच्या नोंदवहीत ग्राहक 'थकबाकीदार' होता. महसूलच्या नोंदवहीत गाव 'टंचाईग्रस्त' होते. तिन्ही नोंदी खऱ्या होत्या. तिन्ही नोंदी एकत्र ठेवून पाहील असा कागद मात्र कोणत्याच कचेरीत नव्हता. तो कागद त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एका प्रकरणाच्या रूपाने प्रथम तयार झाला.

तिने त्या प्रकरणाचा सारांश सोप्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखविला. त्या दिवशी बरीच वादावादी झाली. वाडीतील एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, "आम्ही पट्टी बुडवतो असं सगळे म्हणतात, पण आमची तोटी कोरडी आहे हे आज पहिल्यांदा कुणी लिहून आणलं." थकबाकी हप्त्यांनी भरण्याचा आणि वाडीकडून पाणी मिळेपर्यंत पट्टी न घेण्याचा ठराव झाला. पंप पुन्हा सुरू झाला. वाडीला पाणी मिळण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला, हे मी लपवून ठेवीत नाही.

मी या सर्व हकिकतीवर दुसरा लेख लिहिला. तो पहिल्यापेक्षा कमी जागेत छापून आला. पहिला लेख खोटा होता असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी तोटीला पाणी आले होते आणि मी ते डोळ्यांनी पाहिले होते. पण एका दिवसाचे सत्य मी कायमचे म्हणून सांगितले, ही माझी चूक होती. तेव्हापासून कोणत्याही यशकथेवर सही करण्यापूर्वी मी त्या विद्यार्थिनीचा प्रश्न स्वतःला विचारतो: तू तेथे कोणत्या महिन्यात गेला होतास?

कागद कसा वाचावा

या अनुभवातून संशोधकांना उपयोगी पडतील अशा काही व्यावहारिक सूचना करण्याचे धाडस करतो.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक सरकारी शब्दाला कचेरीतला एक नेमका अर्थ असतो. 'पूर्ण', 'निकाली', 'लाभार्थी', 'वितरित', 'खर्ची' हे शब्द व्यवहारातील अर्थाने वाचू नयेत. प्रकरण 'निकाली' निघाले म्हणजे अर्जदाराचे समाधान झाले असे नव्हे. ते दुसऱ्या कचेरीकडे वर्ग झाले असेल तरी येथील नोंदवहीत ते निकाली असू शकते. तेव्हा लिपिकाजवळ बसून शब्दाचा अर्थ विचारून घ्यावा. अनुभवी लिपिक हा या शास्त्रातील मोठा जाणकार असतो आणि आदराने विचारले तर तो मनापासून सांगतो.

दुसरी सूचना कागदाच्या आयुष्यासंबंधी आहे. कचेरीतील सर्व अभिलेख कायम ठेवले जात नाहीत. त्यांची वर्गवारी होते. 'अ' वर्गातील कागद कायमचे राहतात, 'ब' वर्गातील तीस वर्षे, 'क' वर्गातील दहा वर्षे, 'क-१' वर्गातील पाच वर्षे, तर 'ड' वर्गातील कागद एका वर्षानंतर नष्ट करता येतात. लोकांचे अर्ज, तक्रारी, स्मरणपत्रे असा नागरिकांचा आवाज ज्यांत असतो ते कागद पुष्कळदा अल्पायुषी वर्गात जातात आणि मंजुरीचे आदेश दीर्घायुषी होतात. म्हणजे तीस वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला शासन काय म्हणाले ते सापडेल, लोक काय म्हणाले ते सापडणार नाही. पेशवे दप्तरातील कागद जपले गेले म्हणून गो. स. सरदेसाई यांना त्यांतील निवडक पत्रांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध करता आले. आजच्या कारभाराचे दप्तर उद्याच्या संशोधकाच्या हाती पडावे यासाठी आपण आजच टिपणे घेऊन ठेवली पाहिजेत.

तिसरी सूचना माहितीच्या अधिकारासंबंधी. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींवरील माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. ती आधी वाचावी आणि मगच अर्ज करावा. अर्जात केवळ छायाप्रती मागण्याऐवजी अभिलेखांची पाहणी मागावी. पाहणी करणे आणि टिपणे घेणे हाही या अधिकाराचाच भाग आहे. एका कागदाच्या शेजारी कोणता दुसरा कागद आहे, हे पाहणीतच कळते. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर मिळणे हा आपला हक्क आहे. तथापि कोणती नस्ती मागावी हे ठाऊक नसेल तर उत्तर मिळूनही उपयोग होत नाही.

परस्परांची कर्तव्ये

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी सर्वांसाठी खुले असलेले सादरीकरण करावे लागते. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु कोणतीही तरतूद नोंदवहीतील 'पूर्ण' या शेऱ्यासारखी होऊ शकते. सादरीकरण झाले, उपस्थितीच्या सह्या झाल्या, चहापान झाले आणि प्रश्न मात्र एकही विचारला गेला नाही, तर त्या चर्चासत्राची तोटी कोरडीच राहिली असे म्हणावे लागेल. त्या मार्गदर्शक बाईंनी आपल्या विद्यार्थिनीला सर्वांदेखत अडचणीत आणले असे त्या दिवशी मला वाटले होते. त्यांनी तिच्यावर केवढे उपकार केले, हे मला नंतर उमगले. निष्कर्ष लोकप्रिय असला म्हणून तो खरा ठरत नाही, मग तो शासनाच्या बाजूचा असो की विरुद्ध बाजूचा.

शासनाच्या सेवकांचेही काही कर्तव्य आहे. संशोधक दाराशी आला की तो चुका शोधावयास आला, अशी भावना कचेऱ्यांत असते. ती सोडून दिली पाहिजे. ज्याच्या नोंदी चोख आहेत त्याला भिण्याचे कारण नाही, आणि जेथे नोंदी चोख नाहीत तेथे संशोधकाइतका स्वस्त आणि प्रामाणिक तपासनीस मिळणे कठीण आहे.

संशोधकांचे कर्तव्य याहून मोठे आहे. आपले प्रबंध आता शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात जगाला पाहावयास मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या गावाने आपल्याला ओट्यावर बसवून चहा दिला, कागद दाखविले, आपली भांडणे उघडी करून सांगितली, त्या गावाला आपल्या प्रबंधात काय लिहिले आहे हे बहुधा कधीच कळत नाही. माझी आपणांस कळकळीची विनंती आहे की, प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचा आठ-दहा पानांचा मराठी सारांश तयार करावा, तो ग्रामपंचायतीला द्यावा आणि शक्य झाल्यास ग्रामसभेत वाचून दाखवावा. गावकरी त्यातील चुका दाखवतील. त्या चुका समजावून घेणे, हे आपले शेवटचे आणि कदाचित सर्वात कठीण चर्चासत्र ठरेल.

समारोप

मी जो प्रसंग सांगितला, त्यातील गावाचे नाव मी सांगितले नाही, कारण तसे गाव आपल्या प्रत्येकाच्या तालुक्यात आहे. तेथे कोणती योजना 'पूर्ण' आहे, कोणता ग्राहक 'थकबाकीदार' आहे आणि कोणती वाडी उंचावर आहे, हे शोधून तीन नोंदवह्या एका टेबलावर आणण्याचे काम आपल्याकडे आले आहे. ते करताना कागदावर विश्वास ठेवावा, पण कागदापाशी थांबू नये. माणसांचे ऐकावे, पण एकाच माणसाचे ऐकून थांबू नये. आणि चर्चासत्रात कोणी कठीण प्रश्न विचारला तर रुष्ट न होता पुन्हा गावची वाट धरावी.

आपणा सर्वांच्या संशोधनास मी मनःपूर्वक सुयश चिंतितो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!